गुडघ्याचं काउंटरवेट

लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री ज्या इमारतीत राहत होता तिला लिफ्ट नव्हती. घर घेताना त्याने हे मुद्दाम बघून घेतलं होतं. दिवसभर लिफ्टच्या पोटात डोकं घालून बसणाऱ्याला घरी आल्यावर तरी तिचं तोंड दिसू नये, एवढीच त्याची इच्छा होती. घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. नवं लग्न होतं तेव्हा तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा. आता तो एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा आणि कठडा धरून जिन्याकडे असा बघत उभा राहायचा, की दोघांमध्ये एखादा जुना खटला चालू असावा.

आधी उजवा गुडघा कुरकुरू लागला. मग डाव्याने त्याला साथ धरली. लग्नात मिस्त्री सत्तर-बहात्तर किलोंचा होता. त्यानंतरच्या वर्षांत आणखी पंचेचाळीस-एक किलोंनी त्याच्यावर बिऱ्हाड केलं होतं आणि ते हलायचं नाव घेत नव्हतं.

"तुमच्या शर्टाला आता खिडकीचं माप लागतं," त्याची बायको म्हणायची. ती पडदे शिवायची, त्यामुळे तिचा शब्द या बाबतीत शेवटचा असायचा. "तीही साधी खिडकी नाही. गॅलरीची."

"कापड घरचंच आहे ना?" मिस्त्री म्हणायचा.

"कापड घरचं आहे. रिंगा विकत आणाव्या लागतील."

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका सकाळी सुपरवायझरने मिस्त्रीला बोलावून घेतलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे दर वर्षी प्रत्येक मिस्त्रीला एकदा लोखंडी शिडी चढून दाखवावी लागे. लिफ्टचं मशीन इमारतीच्या डोक्यावर एका खोलीत असतं आणि तिथे शिडीनेच जावं लागतं. गेल्या वर्षी मिस्त्री चढला होता, पण मध्येच एका जागी इतका वेळ थांबला, की सुपरवायझर तेवढ्यात जेवून आला होता.

"सहा महिने देतो," सुपरवायझर म्हणाला. "पुढच्या खेपेला जमलं नाही तर तक्रार-कक्ष."

तक्रार-कक्ष म्हणजे बोळाच्या टोकाची बिनखिडकीची खोली. तिच्यात एक टेबल, एक फोन आणि एक तक्रारवाला. हा तक्रारवाला एके काळी चांगला मिस्त्री होता. पाठ गेली, तसा तिथे येऊन बसला. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की त्याला फोन यायचा आणि तो "घाबरू नका, आपण सुरक्षित आहात" असं म्हणायचा. बारा वर्षं हेच म्हणून म्हणून त्याचा आवाज इतका शांत झाला होता, की घरी बायको भांडायला लागली तरी तो तिला आत किती माणसं आहेत ते विचारायचा. मिस्त्रीला ती खोली स्वप्नात दिसायची. त्याचे हात चालू लिफ्टवर चालायचे. पाना हातात आला की त्याला स्वतःविषयी बरं वाटायचं. फोन हातात आला की तसं काही वाटत नसे.

म्हणून तो हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, "सांध्यातली गादी झिजलीय. वजन कमी करा."

घोळ झाला तो इथे. डॉक्टरीणबाई वजन म्हणाल्या आणि मिस्त्रीला हायसं वाटलं. वजन हा त्याचाच प्रांत होता. त्याच्या धंद्यात वजन कमी करण्याची पद्धतच नव्हती. लिफ्टमध्ये आठ माणसं शिरली तर त्यातली चार बारीक करून आणा, असं आजवर कुणी कुणाला सांगितलेलं नाही. लिफ्टच्या डब्याला वरून दोर असतो, दोर चाकावरून पलीकडे जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बिडाचे ठोकळे टांगलेले असतात. त्याला काउंटरवेट म्हणतात. डबा खाली येतो तेव्हा ते वर जातं, डबा वर जातो तेव्हा ते खाली येतं, आणि मशीनला आपण माणसं ओढतोय याचा पत्ताही लागत नाही.

"म्हणजे भार काढायचा गुडघ्यावरून," मिस्त्री म्हणाला.

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माणूस पहिल्या भेटीत समजला म्हणून त्यांनाही बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मिस्त्री आणि त्याचा मेहुणा घराच्या छताला भोकं पाडत होते. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोही त्याच कंपनीत, मिस्त्रीच्याच जोडीला. अंगाने इतका किरकोळ की ताठ उभा राहिला तर लोक त्याच्याकडे शिडी समजून बघायचे.

"ताई, हे फार साधं आहे," तो स्टुलावरून बहिणीला समजावत होता. "भाऊजी पट्टा घालणार. पट्ट्याला दोर. दोर या रुळावरून सरकत भाऊजींबरोबर फिरणार. पलंगापासून तुझ्या मशीनपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात. दुसरं टोक खिडकीतून बाहेर, खाली इमारतीच्या मधल्या पोकळीत. तिथे ठोकळे."

"आणि भाऊजी?"

"भाऊजी हलके."

"म्हणजे घरात एक तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि खिडकीबाहेर लोंबणारे एक तुम्ही."

"बाहेरचा जेवायला मागणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"हे एक त्याचं बरं आहे."

ठोकळे किती लावायचे याचा धंद्यात ठरलेला नियम होता. डब्याचं पूर्ण वजन, अधिक प्रवाशांच्या वजनाच्या निम्मं. मिस्त्रीला त्यात काहीच अडचण दिसली नाही. डबा म्हणजे लग्नातला तो. त्यानंतर चढला तो सगळा प्रवासी.

"आणि हा प्रवासी उतरणार कधी?" बायकोने विचारलं.

या प्रश्नाला धंद्यात उत्तर नव्हतं. लिफ्टवाले कुणाला उतरायला सांगत नाहीत. ते फक्त दार उघडतात.

बायकोने पट्टा शिवून दिला. एका मोठ्या घरच्या दिवाणखान्याच्या पडद्यांतली मरून मखमल उरली होती. तिची तिने दुहेरी घडी घातली, आत कापूस भरला आणि कडेची सोनेरी झालर उसवायचा कंटाळा केला. त्या संध्याकाळी मिस्त्री पट्टा चढवून पलंगावरून उठला आणि जणू त्याच्याऐवजी दुसराच कोणी उठला. पाऊल टाकलं की ते जमिनीला नुसतं विचारून परत यायचं. गुडघे गप्प. तो पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. चालताना झालर हलत होती.

"कसं वाटतंय, भाऊजी?"

"रिकाम्या डब्यासारखं," मिस्त्री म्हणाला. त्याचे डोळे किंचित भरून आले होते. भाराची सवय सुटली की असं होत असेल, असं मेहुण्याने स्वतःला समजावलं.

यातून जो त्रास झाला तो खालच्या मजल्यावरच्या आजींना. दोराचं गणित असं बसवलं होतं, की मिस्त्री खोलीभर फिरला तरी ठोकळे हलायचे नाहीत. पण तो उठला की ते खाली यायचे आणि बसला की वर जायचे, आणि हा प्रवास बरोबर आजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून व्हायचा. आजी खुर्ची टाकून खिडकीशी बसायच्या. त्यांच्याकडे टीव्ही होता, पण त्यात ओळखीचं कुणी नसायचं.

"काल रात्री फार वर-खाली चाललं होतं," त्या जिन्यात मिस्त्रीला गाठून म्हणायच्या. "पोट बिघडलंय का?"

"नाही हो, आजी."

"दुपारी मात्र दोन तास हललं नाही. जरा उठत जा मध्ये मध्ये. मला वाटलं दोर तुटला."

आजींचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मिस्त्री हौसेने फिरला, पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की मखमलीत नुसतं टेकून लोंबायलाही बरं वाटतं. उभं राहायला पाय लागत नाहीत, बसायला खुर्ची लागत नाही. मांड्यांना काही कामच उरलं नाही, आणि बिनकामाच्या माणसांचं होतं तेच त्यांचं झालं. महिना-दीड महिन्यात पट्टा आवळू लागला.

"भाऊजी, लोड वाढलाय," मेहुणा म्हणाला.

"मग ठोकळे वाढव," मिस्त्री म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसलं नाही. मेहुण्यालाही नाही. ते दोघे लिफ्टवाले होते.

या काळात आणखी एक गोष्ट चालली होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सकाळी उठल्यावर मिस्त्रीची बोटं मिटायची नाहीत. अर्धा तास ती लाकडी असल्यासारखी राहायची, मग मोकळी व्हायची. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. बरणीचं झाकण बायकोकडे जायला लागलं. मिस्त्रीने दोष पान्याला दिला. त्याचं म्हणणं होतं, की हल्ली पाने बरे येत नाहीत.

मग तो रविवार आला.

त्याच्या आदल्या दिवशी मेहुण्याने ठोकळे नव्याने बसवले होते. त्यासाठी त्याने मिस्त्रीचं वजन कामावरच, गोदामातल्या काट्यावर केलं, आणि तेही कामाच्या वेषात: पायात लोखंडी टोकाचे बूट, कमरेला सुरक्षा पट्टा, खांद्यावर हत्यारांची पिशवी. यात त्याचा काही वेडेपणा नव्हता. लोड मोजायचा तो भरलेला मोजायचा, हे त्याला मिस्त्रीनेच शिकवलं होतं.

रविवारी दुपारी मिस्त्री बनियन-पायजम्यावर, अनवाणी, पट्टा घालून खुर्चीत बसला होता. बायको पडदे पोचवायला गेली होती. त्याला पाणी हवं झालं. जड माणसाला खुर्चीतून उठताना एक हिसका द्यायची सवय असते: हात टेकायचे, पुढे झुकायचं, हुं म्हणायचं. त्याने हात टेकले, झुकला, हुं म्हणाला आणि छताला गेला.

डोकं आपटू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी रूळ धरला. एवढ्याने काही बिघडलं नसतं. तो सावकाश खाली आलाच असता. पण तिकडे ठोकळे कधी नव्हे इतके खाली उतरले होते, आणि आजींच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची जी लोखंडी दांडी होती तिच्याखाली जाऊन अडकले. आता ठोकळे वर येईनात, म्हणून मिस्त्री खाली येईना.

"मिस्त्री," खालून आजींचा आवाज आला. "तुमचं ते माझ्या दांडीत घुसलंय. लाटण्याने ढकलू का?"

"नको, आजी. हात लावू नका."

"दांडीवर चादर आहे माझी."

"चादर राहू द्या."

खाली पाच-सहा हातांवर शिलाई मशीन होतं, सुई वर करून ठेवलेलं. मिस्त्रीने रूळ घट्ट धरला. आणि मग त्याने बघितलं, की बोटं सुटताहेत. तो सोडत नव्हता. बोटं आपली आपण एकेक करून उघडत होती, आधी करंगळ्या, मग त्यांच्या शेजारच्या. आजवर त्याने धरलेली वस्तू त्याच्या परवानगीशिवाय कधी सुटली नव्हती. दोन्ही हात रुळावरून निसटले आणि तो मखमलीत, पोट छताकडे, झालर तोंडावर, असा लोंबत राहिला. पडला नाही, पट्टा चांगला शिवलेला होता. पण झालर बाजूला सारून तो आपल्या बोटांकडेच बघत राहिला.

पायजम्याच्या खिशातून फोन कसाबसा निघाला, पण मेहुणा त्या दिवशी कामावर होता आणि त्याचा नंबर लागत नव्हता. दुसरा एकच नंबर मिस्त्रीला पाठ होता. तो त्याने स्वतः शेकडो लिफ्टमध्ये चिकटवला होता.

"तक्रार-कक्ष. घाबरू नका, आपण सुरक्षित आहात. आत किती माणसं आहेत?"

"एक."

"कितव्या मजल्यावर अडकलात?"

मिस्त्रीने खाली बघितलं. "तिसऱ्याच्या थोडं वर."

"आत दिवा चालू आहे का?"

"दिवा माझ्या कानाशी आहे."

"लाल बटण असेल. ते दाबून बघा."

"बटण नाहीये."

"मग काय आहे?"

"मखमल."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मिस्त्री," तक्रारवाला त्याच शांत आवाजात म्हणाला, "तू आहेस का?"

"हो."

"पाठवतो कुणाला तरी."

कुणाला तरी म्हणजे मेहुणाच आला. त्याने आजींच्या घरात जाऊन आधी चादर काढली, घडी घालून दिली, मग दांडी उचकटली. मिस्त्री खाली उतरला तेव्हा बायको दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, मशीनच्या सुईकडे बघितलं.

"मशीनवर पडला असतात," ती म्हणाली, "तर नवं मशीन आणायला मी तिसऱ्या मजल्यावरून कुणाला पाठवणार होते?"

मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज येत होता, पण घासायला तेवढी भांडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री डॉक्टरीणबाईंसमोर बसला होता. त्याने सगळं सांगितलं. ठोकळ्यांपाशी आल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. छताशी आल्यावर चष्मा काढला.

"मी वजन कमी करा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"केलं की. गुडघ्यावरचं केलं. माझा प्रश्न बोटांचा आहे. मी हातांवर चालत नाही. मग बोटांना काय झालं?"

त्यांनी त्याचे हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून बघितला. दोन ठिकाणी तो खुर्चीतून किंचित उठला. बिनपट्ट्याचा असल्याने किंचितच.

"तुम्हाला वाटतं चरबी म्हणजे पाठीवर बांधलेलं पोतं. नुसतं जड, बाकी निरुपद्रवी. तसं नसतं ते. चरबी जिवंत असते, तिचं काम चालू असतं. तिच्यातून काही द्रव्यं रक्तात सुटतात आणि रक्त काही गुडघ्यापाशी थांबत नाही. जिथे कसला भार नाही अशा सांध्यातही ती द्रव्यं जाऊन मंद आग पेटती ठेवतात. म्हणून जड माणसांच्या बोटांचे सांधेही जास्त धरतात. गुडघ्यांना मार दोन्हीकडून: वरून भाराचा आणि आतून हा. तुम्ही वरचा तेवढा टांगून ठेवलात."

मिस्त्री विचार करत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर डबा होता.

"म्हणजे प्रवासी आत नुसता उभा नाहीये," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"तो तारा कुरतडतोय."

"लिफ्टमधलं मला कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उतरवा त्याला."

"आमच्या खाली एक आजी राहतात. काडीसारख्या आहेत. त्यांची बोटं माझ्यापेक्षा वाकडी."

"वय असतं, घराणं असतं, जुनी दुखापत असते. आजींचं कारण आजींना तपासल्यावर सांगेन. तुमच्या कारणांपैकी एक मला इथून दिसतंय."

मग त्यांनी सांगितलं ते काही नवीन नव्हतं: खाणं आवरा, रोज चाला, मांड्यांना काम द्या. घाई नको. एक किलो उतरला तर पावलागणिक गुडघ्यावरचे साधारण चार उतरतात. हा हिशोब मात्र मिस्त्रीला आवडला. असं काउंटरवेट कुठल्याच कंपनीने अजून काढलं नव्हतं.

"आणि हात?"

"सूज उतरेल, जोर बराचसा येईल. झिजलंय ते झिजलंय. पूर्वीसारखे होतील असं मी म्हणणार नाही."

घरी आल्यावर त्याने ठोकळे काढायला लावले. रूळ बायकोने काढू दिला नाही. तयार पडदे टांगायला तिला तशी जागा हवीच होती आणि ती भोकं तिच्याच भावाने पाडलेली होती. त्यानंतर मिस्त्री पडद्यांमधून वाट काढत पलंगापर्यंत जायचा, स्वतःच्या पायांवर, तोंड वाकडं करून. जिना तो रोज एकदा जास्तीचा चढायचा. जेवताना बायको त्याच्या ताटाकडे अशी बघायची, की वाढलेलं त्यालाच जास्त वाटू लागायचं. आजींचा वेळ जाईनासा झाला. "हल्ली तुमच्याकडचं काहीच कळत नाही," त्या जिन्यात म्हणायच्या, आणि मिस्त्री तिथे दम खात थांबलेला असल्याने त्याला सगळं तोंडी सांगावं लागे.

परीक्षेचा दिवस उजाडला तोवर नऊ किलो गेले होते. शर्ट अजून खिडकीच्या मापाचाच होता, पण गॅलरी राहिली नव्हती.

परीक्षा एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत होती. मशीनच्या खोलीची लोखंडी शिडी भिंतीला ठोकलेली, सरळ वर जाणारी. सुपरवायझर खाली उभा राहिला. तो स्वतः कधी वर चढत नसे. त्याच्या पदाला शिडी चढणं लागत नव्हतं. मेहुणा पुढे गेला. मिस्त्रीने पहिल्या कांबीवर पाय ठेवला.

तो सावकाश चढला. गुडघे बोलले, पण ओरडले नाहीत. कांबी बोटांनी धरवत नव्हत्या, म्हणून तो मनगटं अडकवत गेला. मध्ये एकदा थांबला, पण खाली कुणी जेवायला गेलं नाही. मग त्याचं डोकं वरच्या चौकोनातून खोलीत गेलं, मग खांदे, मग बाकीचा.

"पास," खालून सुपरवायझरचा आवाज आला.

मेहुणा हसला. "चला भाऊजी, झालं."

पण मिस्त्री मशीनसमोर उभा होता. ते त्याच्या ओळखीचं होतं. याच्यावर तो धंदा शिकला होता. वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की तिला इथून हाताने सोडवायचं असतं. एकाने ब्रेकचा लोखंडी दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. दांडा धरलेला आहे तोवर डबा हलतो. दांडा सुटला की ब्रेक बसतो आणि डबा जागच्या जागी गचका खातो.

"वीज बंद कर," तो म्हणाला. "चाक घे."

"कशाला? पास म्हणाले ना."

"घे रे."

डबा रिकामा होता. मिस्त्रीने दोन्ही हातांनी दांडा धरून दाबला. मेहुण्याने चाक फिरवायला घेतलं. चाक एक फेराही फिरलं नसेल, तोच अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, बोटं उघडली आणि दांडा निसटला. खाली पोकळीत डबा धाडकन थांबला. मिस्त्रीने पुन्हा दाबला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्याने कोपर टेकवून, अंगाचा सगळा भार घालून बघितला. या बाबतीत तरी वजनाचा उपयोग व्हायला हरकत नव्हती. पण दांडा भाराने थांबत नव्हता, त्याला पकड हवी होती.

मेहुण्याने चाक सोडलं. "भाऊजी, खाली काही दिसलं नाही कुणाला."

"मला दिसलं."

"दांडा मी धरत जाईन. तुम्ही चाक फिरवा."

"आणि तू सुट्टीवर असलास की?"

"मी सुट्टी घेणार नाही."

"गेल्या महिन्यात तू नखासाठी सुट्टी घेतली होतीस."

"ते नख मुळापासून गेलं होतं," मेहुणा म्हणाला. मग चाकाकडे बघत त्याने विचारलं, "चार महिने रोज जिना चढलात ना. कशासाठी मग?"

मिस्त्रीने हातांना लागलेलं वंगण चिंधीला पुसलं. वंगण पुसतानाही अंगठा दुखत होता. "चढलो की," तो म्हणाला. "आता उतरू या."

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सुपरवायझर घड्याळ बघत नव्हता. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "माझे हात नापास आहेत."

"शिडी चढलास ना?"

"चढलो."

"मग? हाताची परीक्षा नसते."

"ब्रेकचा दांडा धरवत नाही मला."

सुपरवायझरने कपाळाला आठ्या घातल्या. आपणहून नापास व्हायला आलेला माणूस त्याच्या नोकरीत पहिलाच होता आणि अशा माणसाचं काय करायचं ते नियमात नव्हतं. "असं कर," तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही."

"आत माणसं असतात, साहेब."

ते त्याने ज्या आवाजात म्हटलं त्यात तक्रार नव्हती. सुपरवायझरने एकदा वर शिडीकडे बघितलं, मग मिस्त्रीच्या हातांकडे. ते सुजलेले, स्वच्छ पुसलेले हात मिस्त्रीने पोटावर ठेवले होते.

"किती दिवस?"

"डॉक्टर म्हणतात जोर येईल. किती, ते नाही म्हणत."

"आलाच नाही तर?"

"तर नाही आला."

सुपरवायझरने मान डोलावली. मिस्त्रीने खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढून मेहुण्याकडे दिली. मेहुण्याने ती घेतली आणि एका बाजूला कलला. नेहमी असं झालं की तो काहीतरी विनोद करायचा. या वेळी त्याने पट्टा फक्त दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"दांडा दोन्ही हातांनी धरत जा," मिस्त्री म्हणाला. "तुझे हात बरे आहेत म्हणून एकाने धरू नकोस."

"हो, भाऊजी."

कंपनीत परत आल्यावर तो सरळ बोळाच्या टोकाला गेला. पायीच गेला, आता सवय झाली होती. बिनखिडकीच्या खोलीत तक्रारवाला फोनशेजारी भिंतीला पाठ लावून बसला होता. मिस्त्रीला दारात बघून त्याने सवयीने रिसीव्हरवर हात ठेवला.

"कोण अडकलंय?"

"कुणी नाही," मिस्त्री म्हणाला. "जरा तिकडे सरक."